म्हात्रे सरांची गाडी ऑइल खाते

सोम. २६ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेचा पहिला दिवस, आणि नेमका आजच तो लाल दिवा. वडखळच्या वळणावर. तेलाच्या किटलीचं चित्र असलेला. लागला, विझला. पुढे खड्ड्यांत पुन्हा लागला.

बाजूला म्हात्रे सर. म्हटलं, सर, हा कसला दिवा?

"काय नाय. जुन्या गाड्या करतात असं. चालवा तुम्ही."

गाडी त्यांचीच. म्हणजे दसऱ्यापर्यंत त्यांची. इतकी वर्षं पेण-रोहा तेच चालवायचे, मी मागे बसून वह्या तपासायचे, नागोठण्याला शबाना चढायची. तिघं एकाच शाळेतले. दसऱ्याच्या आधी म्हणाले, चालवायचा कंटाळा आला आता, गाडी तुम्हीच घ्या, म्हणजे घरातच राहिली. घेतली. आता मी चालवते आणि ते बाजूला बसून माझं ड्रायव्हिंग ऐकतात. "चौथा टाका आता." "क्लचवरचा पाय काढा." शाळेत पोचेपर्यंत माझं डोकं उठतं.

घरी आल्यावर बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढली. पुसली, घातली, परत काढली. कोरडी. टोकाला नावाला काळं.

मंगळ. २७ नोव्हें.

इक्बालभाईंच्या गॅरेजात गेले, खोपोली रोडला. त्यांनी ऑइल ओतलं, ओतलं, ओतलंच. मला वाटलं खालून वाहून जातंय की काय.

"शेवटचं कवा बगितलंत?"

कधीच नाही. दसऱ्याला सर्व्हिसिंग करून दिली होती, मी कशाला बघू? हे मी बोलले नाही. ते माझ्या नवऱ्याकडे, अनिलकडे वळून म्हणाले, "अजून थोडे दिवस चालवली असती तर इंजिन जाम झालं असतं, साहेब." गाडी माझी. चालवते मी. आणि अनिलला अजून रिव्हर्स धड जमत नाही. साहेब!

गाडीखाली रोज वर्तमानपत्र पसरायला सांगितलंय. गळती आहे का ते कळेल.

शनि. १ डिसें.

वर्तमानपत्र कोरडं. रोजचं कोरडं. अनिल सकाळी कंपनीत जाताना वाकून बघतो आणि "आज पण काही नाही" असं म्हणतो, जसं काही बरंच झालं.

गळत नाही म्हणजे जळतंय. इ.भाई: "बाहेर नाय तर पोटात. आता पोटात कुठे, ते बगायला लागंल."

गुरु. ६ डिसें.

आज गाडीत म्हा. सरांना सांगितलं, गाडी ऑइल खाते.

"रेस फार देता तुम्ही."

"मी? साठच्या वर जात नाही मी. या रस्त्यावर जाणार तरी कशी?"

"माझ्याकडे होती तेव्हा थेंब खाल्लं नाय तिने."

थेंब नाही. बरं. म्हणजे दसऱ्याला माझ्या हातात आली आणि दिवाळीत तिला तहान लागली. एवढा राग आला की नागोठण्यापर्यंत बोलले नाही. शबाना चढली, तिने विचारलं, "काय झालं? कुणी गेलं का?"

सोम. १० डिसें.

ऑइल परत पट्टीवरच्या खालच्या खुणेपर्यंत. दोन आठवडे पण नाही झाले.

शबाना नाक्यावर उभी असते, तिला आम्ही लांबून दिसतो. आज चढता चढता म्हणाली, "वैशालीताई, तुमची गाडी आता धुरावरून ओळखते मी. निळा निळा सोडत येता."

म्हा. सर: "धूर? कुठला धूर? मला तर कधी दिसला नाय."

"सर, मागे वळून बघा की!"

वळले. बघितलं. "कुठे काय हाय?"

मागे निळा पट्टा लोंबत होता. आरशात मला दिसतोय, नाक्यावरच्या भाजीवालीला दिसतोय, तिने तोंडावर पदर धरलाय. आणि हे म्हणतात कुठे काय हाय. माणूस इतकं धडधडीत खोटं बोलू शकतो? आणि तेही इतिहास शिकवणारा. रात्री अनिलला सांगितलं तर हसला. मला नाही हसू आलं.

बुध. १२ डिसें.

इ.भाईंनी सांगितलेली परीक्षा. भिसे खिंड उतरताना गाडी गियरमध्येच ठेवायची, ॲक्सिलरेटर सोडून द्यायचा. खाली आल्यावर एकदम दाबायचा आणि आरशात बघायचं.

केलं. मागचा टेम्पोवाला दिसेनासा झाला. हॉर्नवर हॉर्न.

"काय करताय?" म्हा. सर दचकले. म्हटलं, काही नाही, मेकॅनिकने सांगितलंय.

"मेकॅनिक सांगंल तसं चालवायला लागलात तर झालंच."

संध्याकाळी इ.भाईंना फोन. ते खूश. "सापडलं! वॉल्व्हची सीलं गेलीत. उतारावर वरून ऑइल आत झिरपतं. शनिवारी सोडा गाडी."

पहिल्यांदा कुणीतरी ठाम काही बोललं. बरं वाटलं.

मंगळ. १८ डिसें.

सीलं बदलून आली. दोन दिवस एस.टी.ने गेलो, म्हा. सर आणि मी. म्हा. सर माझ्या मागे मागे चढतात. आज गाडी सुरू केली तेव्हा धूर नाही. शबानाने नाक्यावरून अंगठा दाखवला.

शुक्र. २१ डिसें.

पट्टी काढली. गेलंय. पहिल्यापेक्षा कमी गेलंय का तेवढंच, ते मला ठरवता येईना. मग चष्मा लावून परत बघितलं. तेवढंच.

बॉनेट एवढ्या जोरात आपटलं की शेजारच्या काकू बाहेर आल्या.

इ.भाई फोनवर: "आं? मग सीलं नव्हती वाटतं. म्हणजे होती, पण नुसती तीच नव्हती."

नुसती तीच नव्हती! इंजिनाचं वरचं झाकण उघडून बसला होता माणूस दोन दिवस.

म्हा. सरांना तर आयतंच मिळालं. "मेकॅनिकने हात लावला की गाडी संपली. मी कधी कुणाला उघडू दिली नाय." वडखळपासून नागोठण्यापर्यंत हेच.

मंगळ. २५ डिसें.

नाताळची सुट्टी. सकाळपासून गॅरेजात, स्टुलावर. मीच म्हटलं, आज माझ्यासमोर बघा.

आधी एअर फिल्टरचा डबा उघडला. आत काळं, चिकट, काकवीसारखं. इंजिनातली वाफ जिथून वर येते ती नळी तर पार बुजलेली. इ.भाईंनी बोट घालून वास घेतला.

"हे आजचं नाय, ताई. लय जुनं हाय. थरावर थर."

मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. तिसऱ्यात कमी. त्यात वरून थोडं ऑइल सोडलं आणि परत मोजला, तर चढला. म्हणजे रिंगा. पिस्टनच्या रिंगा धरत नाहीत, ऑइल टाकलं की तेवढ्यापुरतं फट बुजते म्हणून दाब चढतो. हे मला पहिल्यांदाच नीट समजलं, कारण आज ते अनिलकडे बघून बोलत नव्हते. अनिल घरी झोपला होता.

विचारलं, कशामुळे गेल्या रिंगा?

"दोन गोष्टी होतात. एक, रिंगा झिजल्या, म्हणून ऑइल वर येतं नि हा डबा भरतो. दुसरं, कुणीतरी ऑइल मापाच्या वर भरत होतं. जास्त झालं की तेच ऑइल या नळीतून वर येतं, जळतं, रिंगांना काजळी धरते. मग त्या चिकटून बसतात."

"मग यातलं कुठलं?"

खांदे उडवले. "इंजिन उतरवल्याशिवाय काय नाय सांगू शकत. उतरवून पण कळंलच असं नाय."

एक महिना झाला आणि मी आहे तिथेच.

शुक्र. २८ डिसें.

सरळ विचारलं. नागोठण्याच्या आधी, दोघंच असताना. सर, तुमच्याकडे होती तेव्हा ऑइल कोण बघायचं?

"गॅरेजवाला."

"मध्ये कधी घालायला लागायचं?"

"नाय."

आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले.

मंगळ. १ जानेवारी

अनिलचा तोडगा: विकून टाक. त्याच्या शिफ्टमधला एकजण जुनी गाडी बघतोय. थोडं जाड ऑइल भरलं की महिनाभर धूर येत नाही म्हणे, हे त्याला कंपनीच्या ड्रायव्हरने सांगितलंय.

म्हटलं, त्याला सांगून विकायची?

"तुला कुणी सांगितलं होतं?"

नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी भांडण. वाईट हे की क्षणभर मला ते पटलं होतं. मनात मी त्या माणसाला गाडी विकून मोकळीही झाले होते.

मंगळ. १५ जाने.

संक्रांत. गाडीत म्हा. सरांनी तिळगूळ दिला. मी घेतला. गोड बोला म्हणाले नाहीत, मीही नाही. शबानाला मात्र दोन वड्या.

गुरु. १७ जाने.

म्हा. सरांकडे हळदीकुंकू. जावं की नाही असं झालं होतं, पण वहिनींचा काय दोष. त्यांनी या वेळी वाणाला स्टीलचे डबे आणलेत. दारातच म्हणाल्या, "ये गो, किती दिवसांनी. गाडी काय म्हणते?"

म्हटलं, ऑइल खाते, वहिनी.

हसल्या. "ती खातेच. हे तर दर रविवारी डबा घेऊन बसायचे. आंघोळीच्या आधी जुनी लुंगी नेसून. मी म्हणायची, देवाला तेल घालायला सांगते तर ऐकत नाय, गाडीला बरोबर घालतात."

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

दर रविवारी.

वाण घेतलं, बाहेर आले, चप्पल उलटी घातली.

शुक्र. १८ जाने.

रात्रभर वाक्यं जुळवली होती. पेण सुटलं, वडखळ गेलं, तोंडातून एक निघालं नाही. शेजारी बसलेल्या माणसाला खोटारडा म्हणायला मला येत नाही. वर्गात येतं, गाडीत नाही.

मुद्दाम तिसऱ्याच गियरमध्ये चालवत राहिले. त्यांनी दोनदा सांगितलं, चौथा टाका. नाही टाकला.

सोम. २१ जाने.

मधल्या सुट्टीत त्यांना शाळेमागे गाडीपाशी बोलावलं. ऊन चांगलं होतं. ठरवलं होतं, बोलायचं काहीच नाही, नुसती पट्टी हातात द्यायची. म्हणू दे आता काय म्हणायचं ते.

सकाळीच बघितलेलं होतं. खालच्या खुणेच्याही खाली होतं. पट्टी पुसून, आत बुडवून, काढून त्यांच्या हातात दिली. "बघा सर, किती आहे?"

त्यांनी पट्टी आडवी धरली. डोळ्याजवळ नेली. मग लांब धरली. मग अंगठा टोकापासून वर फिरवला, हळूहळू, जसं आपण कापडाचा पोत बघतो. अंगठ्याला जे लागलं ते दुसऱ्या बोटाने चोळलं.

"बरोबर हाय की. फुल्ल हाय."

मी तोंड उघडलं होतं. सगळी वाक्यं तयार होती. आणि दिसलं, की ते पट्टीकडे बघतच नव्हते. पट्टीच्या जरा बाजूला बघत होते. अंगठा जिथे थांबला होता तिथे ऑइल नव्हतं, मीच पुसताना राहिलेला ओशटपणा होता.

"सर, खूण कुठे आहे?"

त्यांचा अंगठा पट्टीवर मागेपुढे सरकला.

"सर, खुणेवर बोट ठेवा."

पट्टी माझ्या हातात परत दिली. घंटा झाली. ते भिंतीच्या कडेकडेने वर्गाकडे गेले. रोजच तसे जातात. मला वाटायचं सावलीतून जातात.

मंगळ. २२ जाने.

वडखळच्या पुढे त्यांनीच सुरुवात केली. मी काही विचारलं नव्हतं.

साखरेने डोळ्यांचा पडदा गेलाय. उजव्यात आता नुसता उजेड. डाव्यात मधोमध डाग, कडेने दिसतं. पनवेलला महिन्यातून एकदा इंजेक्शन घेतात, वहिनींना आणि शाळेत मणक्यासाठी जातो म्हणून सांगतात.

"कधीपासून, सर?"

"दोनेक वर्षं. आधी एवढं नव्हतं."

दोनेक वर्षं. दोन वर्षं मी मागे बसून वह्या तपासत होते. खिंडीच्या वळणांवर सुद्धा मान वर करत नव्हते.

"रस्ता पाठ होता, वैशालीताई. खड्डा न् खड्डा."

"आणि समोरून येणारं माणूस? ते पण पाठ होतं?"

त्यांनी सीटचा पट्टा सरळ केला. मग म्हणाले, भाद्रपदात खिंडीखाली एक सायकलवाला आला होता. दिसलाच नाही. शबाना ओरडली म्हणून ब्रेक लागला. मला आठवतंय ते. सायकलवाल्यालाच आम्ही शिव्या घातल्या होत्या. मीसुद्धा.

"त्याच आठवड्यात ठरवलं, गाडी सोडायची. पण कुणाला? लांब दिली तर मी शाळेत येणार कसा? एस.टी.ची पाटी मला वाचता येत नाय."

ऑइलचं विचारलं. दर रविवारी का?

"पट्टीवर दिसायचं नाय. कमी असंल तर इंजिन जाईल, तुम्ही दोघी गाडीत. म्हणून घालायचो. थोडं जास्त असलेलं बरं."

थोडं जास्त असलेलं बरं!

पुढे म्हणाले, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत, शाळेत बोलू नका. शबानाला मी स्वतः सांगेन. मला थोडा वेळ द्या.

नागोठणं आलं. शबाना चढली. तिने पेरू आणले होते, मीठमसाला लावून. तिघांनी खाल्ले.

गुरु. २४ जाने.

राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही. फसवलं म्हणून यावा, तर फसवायला त्यांना दिसत तरी काय होतं? धूर नाही दिसला म्हणाले ते खरं होतं. "थेंब खाल्लं नाय" हे खोटं. गाडी विकली ते बरं केलं. दोन वर्षं चालवली ते

नाही लिहवत.

अनिलला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो उद्याच शाळेत फोन करेल.

सरांच्या वर्गावरून जाताना थांबले. धडा एक मुलगी वाचत होती, सर खिडकीशी उभे राहून ऐकत होते. "पुढे वाच... हां, इथे थांब. हा राजा इथे का थांबला?" नेहमीचंच. मुलांना वाचायची सवय लागावी म्हणून ते असं करतात, हे मीच शिक्षक सभेत कौतुकाने सांगितलं होतं.

शनि. २६ जाने.

झेंडावंदन. म्हा. सरांचं भाषण, दर वर्षीसारखं हातात कागद नाही. पाहुणे म्हणाले, काय स्मरणशक्ती आहे! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शबानाने सगळ्यांत जास्त. पायऱ्या उतरताना मी जवळ जाऊन उभी राहिले, आणि त्यांनी माझ्या कोपराला नुसतं बोट लावलं. कुणाला कळलं नाही.

मला हे नको आहे. मी नुसती गाडी घेतली होती.

रवि. ३ फेब्रुवारी

इंजिन उतरवलं. ताडपत्रीवर सगळं मांडून ठेवलेलं. तिसऱ्या पिस्टनच्या रिंगा काजळीत रुतून बसलेल्या, नखाने हलेनात. बाकीच्याही बऱ्या नाहीत.

"सांगा आता," म्हटलं. "आधी रिंगा गेल्या म्हणून ऑइल खात होती, की ऑइल जास्त भरलं म्हणून रिंगा गेल्या?"

इ.भाईंनी पिस्टन उन्हात फिरवून फिरवून बघितला. "सिलिंडर झिजलंय पण. थोडं हे, थोडं ते. आता हे कळून काय करायचंय, ताई? नवीन रिंगा टाकतो."

मला कळायला हवं होतं. त्यांना कसं सांगू की मला का कळायला हवं होतं.

बुध. ६ फेब्रु.

गाडी येईपर्यंत एस.टी. पेणच्या रामवाडी स्टँडवर म्हा. सर माझी वाट बघत उभे. जवळ गेल्यावर हळूच, "कुठली लागलीय?"

"रोहा, सर."

रोज संध्याकाळी त्यांना विचारते, शबानाशी बोललात? रोज "उद्या."

सोम. ११ फेब्रु.

मला वर्ग आवरून निघायला उशीर झाला. रोहा स्टँडवर शबाना आणि म्हा. सर पुढे गेलेले. पोचले तेव्हा शबाना हसत होती. "सर चुकून मुरूडच्या गाडीत चढत होते. मी हात धरून खाली ओढलं. सर, समुद्रावर निघाला होतात का?"

सरही हसले. मग मला सगळा रस्ता वाटत राहिलं, शबाना हसायची थांबली तेव्हा जरा जास्तच अचानक थांबली.

सोम. १८ फेब्रु.

गाडी आली. इ.भाईंची ताकीद: सुरुवातीला सावकाश, रेस नाही, चढावर ओढायची नाही. रिंगा बसायला वेळ लागतो. तोवर थोडं ऑइल जाईल, घाबरायचं नाही.

"म्हणजे गेलं तरी ठीक, आणि नाही गेलं तरी ठीक? मग बरी झाली की नाही ते कळणार कधी?"

"चालवत राहा. कळंल."

आज म्हा. सरांनी गियरबद्दल एक शब्द काढला नाही. मला चुकल्यासारखं झालं. खिंडीच्या चढावर मीच विचारलं, "तिसरा टाकू का?" म्हणाले, "तुम्ही बगा."

शनि. २३ फेब्रु.

सकाळी पट्टी बघितली. वरच्या खुणेच्या किंचित खाली. सोमवारी खुणेवर होतं, की तेव्हाही किंचित खालीच होतं? दारातली जागाही उताराची. परत पुसून बघितलं, परत तेच. काही सांगता येत नाही.

म्हा. सर आज रजेवर. पनवेल.

सकाळची शाळा. परतीला शबाना आणि मी, दोघीच. ती पुढे बसली, सरांच्या जागेवर. सीट मागे सरकवली नाही, तशीच अंग चोरून बसली. खिंड चढेपर्यंत घरचं काय काय बोलत होती, मुलीची परीक्षा, नणदेचं लग्न. उतारावर गप्प झाली. मी आरशात बघत होते. पुढे डंपर होता, धूळच धूळ, मागचं काही दिसेना.

"सरांचा मणका महिन्यातून एकदाच कसा दुखतो?" तिने विचारलं.

म्हटलं, वय झालं.

"त्या दिवशी पाटीवर एवढं मोठं मुरूड लिहिलं होतं, ताई."

मी गियर बदलला. गरज नव्हती.

नागोठण्याचा नाका आला. गाडी कडेला घेतली. ती रोज थांबायच्या आधीच दार उघडते. आज पर्स मांडीवर धरून बसून राहिली. मागून रिक्षावाला हॉर्न देत होता.

"इंजिन बंद करा," म्हणाली.

मी किल्ली फिरवली.